संमती कुणाची?

मानवी हक्क हा शब्द गेल्या काही वर्षांत आपल्या शिबिरांतून आणि व्याख्यानमालांतून इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली आहे. गेल्या डिसेंबरात आमच्या तालुक्याच्या अभ्यासमंडळाने ‘स्त्रियांवरील हिंसा आणि राज्याची जबाबदारी’ असा विषय ठेवला होता. वक्ते शहरातून आलेले, अभ्यासू, कलमे तोंडपाठ असलेले. त्यांनी आम्हाला जिनिव्हा, न्यूयॉर्क, स्ट्रासबर्ग अशी गावे फिरवून आणली. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, राज्य जबाबदार आहे हे पटलं. पण मग आरोपीच्या पिंजऱ्यात उभं कोण राहतं? तलाठी, फौजदार की मंत्री?” सभेत हशा पिकला. वक्त्यांनी गाडीची वेळ झाल्याचे सांगितले.

तो प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. मी मराठीचा निवृत्त मास्तर. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. उभा जन्म कविता आणि आत्मकथने शिकवण्यात गेला. त्यामुळे लिहिणारा कुठे बोलतो यापेक्षा कुठे गप्प बसतो हे पाहण्याची खोड मात्र लागली आहे. त्या खोडीने मी काही निकालपत्रे आणि करारनामे मिळवून वाचून काढले. निकालपत्र हेही शेवटी गद्यच असते. त्यात निवेदक असतो, पात्रे असतात, काय सांगायचे आणि काय गाळायचे याची निवड असते. आपण कथा-कादंबऱ्यांची समीक्षा करतो, मग ज्या गद्यावर माणसांचे आयुष्य ठरते त्याची का करू नये? वकील मंडळींना या वाचनात ढोबळपणा दिसेल. तो माझ्या पदरी घालावा.

आधी सिद्धान्त थोडक्यात सांगतो. मानवी हक्कांचा कायदा हा मुळात राज्य आणि माणूस यांच्यातला कायदा. शिपायाने मारले तर हक्काचा भंग. नवऱ्याने, सावकाराने, गावाने मारले तर तो साधा गुन्हा किंवा नुसतीच घरची बाब. स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या उच्चाटनाचा करार, ज्याला सगळे ‘सीडॉ’ म्हणतात, तो संयुक्त राष्ट्रसंघाने १८ डिसेंबर १९७९ रोजी स्वीकारला. पण त्यात हिंसेवर एक स्वतंत्र कलमसुद्धा नाही! ही भिंत पडायला सुरुवात झाली ती एका वेगळ्याच खटल्याने. होंडुरास देशात १९८१ साली एक विद्यार्थी नाहीसा झाला. त्या खटल्यात अमेरिका खंडाच्या मानवी हक्क न्यायालयाने १९८८ साली असे ठरवले, की कृत्य कुणी खाजगी माणसाने केले असो की करणारा कोण हे कळलेले नसो, ते टाळण्यासाठी आणि त्याचा छडा लावण्यासाठी राज्याने यथोचित दक्षता घेतली नसेल तर राज्यच जबाबदार. पुढे १९९२ साली सीडॉच्या समितीने आपल्या १९ क्रमांकाच्या शिफारशीत हाच विचार स्त्रियांवरील हिंसेला लावला. १९९३ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने स्त्रियांवरील हिंसेच्या उच्चाटनाची घोषणा केली. हिंसा करणारा राज्याचा माणूस असो की खाजगी, ती रोखणे, तपासणे आणि तिला शिक्षा देणे हे राज्याचे काम आहे, असे तिच्या चौथ्या कलमात आले. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती वाचकांनी लक्षात ठेवावी: ही जबाबदारी टाळण्यासाठी कोणत्याही राज्याने रूढी, परंपरा किंवा धर्म यांचा आधार घेऊ नये.

सिद्धान्त चांगला आहे. मी तो नाकारायला बसलेलो नाही. पण तो आपल्या मातीत उतरला तेव्हा त्याचे काय झाले, हे पाहायचे तर वडशाच्या पोलीस ठाण्यापासून सुरुवात करावी लागते.

२६ मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजेच वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. मथुरा या नावाने साऱ्या देशाला ठाऊक झालेली चौदा ते सोळा वर्षांची, आईबापाविना वाढलेली, मजुरीवर जगणारी आदिवासी मुलगी. भावाने दिलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी तिला ठाण्यात आणले होते. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले आणि तिला आत ठेवून घेतले. पुढचे सर्वांना माहीत आहे. सत्र न्यायालयाने १९७४ साली दोन्ही पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना दोषी ठरवले आणि एक महत्त्वाचा भेद केला: भीतीपोटी निमूट राहणे वेगळे आणि संमती वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या सप्टेंबरात हा भेद पुसून टाकला आणि दोघांनाही निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तेव्हा जे घडले ते तिच्या मर्जीने घडले, असा त्या निकालाचा मथितार्थ.

मी हे निकालपत्र तीनदा वाचले. पहिल्या वाचनात संताप येतो. तो उपयोगाचा नाही. दुसऱ्या वाचनात ध्यानात येते की या गद्याच्या निवेदकाने ठाण्याची खोली जणू भाड्याच्या घराची खोली असावी तशी वर्णिली आहे. तिथे एक पुरुष आहे, एक स्त्री आहे आणि त्यांच्यात काहीतरी घडते. त्या पुरुषाच्या अंगावर गणवेश आहे, त्या खोलीच्या दारावर सरकारची पाटी आहे, त्या मुलीला तिथे सरकारी कामासाठी बोलावले आहे, हे तपशील कागदावर आहेत, पण निष्कर्ष काढताना ते बाहेर ओसरीवर उभे राहतात. ज्या घटनेत राज्य शब्दशः खोलीत हजर होते ती घटना न्यायालयाने दोन खाजगी माणसांमधली करून टाकली. आणि तिसऱ्या वाचनात दिसते की त्या मुलीच्या गप्प राहण्याला इथे भाषा मानले आहे. ती गप्प होती, म्हणजे ती ‘हो’ म्हणाली.

१९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदाशिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. पोलीस ठाण्यात गरिबाच्या मनात जी दहशत असते तिचा, मुलीच्या वयाचा, तिच्या परिस्थितीचा त्यांनी उल्लेख केला. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. १९८० साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, देशभर मोर्चे निघाले. १९८३ साली कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यातील स्त्रीने मी संमती दिली नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे पुराव्याच्या कायद्यात आले. १ जुलै २०२४ पासून जे नवे कायदे आले त्यांतही हे गृहीतक कायम आहे. म्हणजे त्या मुलीच्या नावावर या देशातल्या सगळ्या स्त्रियांना थोडेसे संरक्षण मिळाले. तिला स्वतःला मात्र काही मिळाले नाही. निकाल तसाच राहिला.

त्याच महिन्यांत, म्हणजे ३० जुलै १९८० रोजी, भारताने सीडॉवर सही केली. मान्यता द्यायला मात्र १९९३ चा जुलै उजाडला. आणि ती मान्यता देताना सरकारने खाली एक निवेदन जोडले. माझ्या मते गेल्या अर्धशतकातल्या आपल्या सरकारी गद्याचा तो अस्सल नमुना आहे. कराराचे कलम ५(अ) म्हणते की स्त्री-पुरुषांपैकी एक श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ या कल्पनेवर उभ्या असलेल्या रूढी आणि वागण्याच्या रीती राज्याने बदलाव्यात. कलम १६(१) विवाह आणि कुटुंब यांतील समतेचे आहे. सरकारने कळवले, की ही कलमे आम्ही पाळू. पण कोणत्याही समुदायाच्या खाजगी बाबींत त्या समुदायाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याचे आमचे जे धोरण आहे, त्याला धरून पाळू.

संमती! हाच शब्द. वडशाच्या ठाण्यात तो शब्द एका अनाथ मुलीच्या गळ्यात बांधला होता. इथे तो समुदायाच्या हाती दिला आहे. तिथे मुलगी गप्प राहिली तर तो होकार धरला गेला. इथे समुदाय गप्प राहिला तर तो नकार धरला जातो. ती ओरडल्याचा, झगडल्याचा पुरावा देऊ शकली नाही म्हणून तिची संमती होती असे मानले. समुदायाने मात्र काहीच सिद्ध करायचे नाही. त्याने नुसते बसून राहायचे. या दोन कागदांमध्ये पंधरा वर्षांचे अंतर आहे, एक न्यायालयाचा आहे आणि दुसरा परराष्ट्र व्यवहाराचा, त्यांचा परस्परांशी संबंध जोडणे कायद्याच्या विद्यार्थ्याला विचित्र वाटेल. पण वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला एकच लेखणी ओळखू येते.

आणि समुदाय म्हणजे कोण? दिल्लीच्या कचेरीत तो शब्द लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धर्म असेल. आपल्याकडे गावात समुदाय म्हणजे जात. जातीच्या वतीने पुढाकार कोण घेतो, संमती कोण देते? पंच, पाटील, कर्तेसवरते पुरुष. त्या समुदायातल्या स्त्रीला ही संमती कधी विचारली गेली? की तिनेही पुढाकार घेतला होता आणि तो कुणी मोजलाच नाही? २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या, बाबासाहेब हजर होते, हजारो बाया मुलेबाळे घेऊन आल्या होत्या. पत्नीला काडीमोडाचा हक्क देणारा कायदा हवा आणि एकाहून अधिक बायका करण्याची चाल बंद व्हावी, असे ठराव तिथे झाले. हा पुढाकार नव्हे तर काय? ही संमती नव्हे तर कोणती? करारातले सोळावे कलम लिहिले जाण्याच्या सदतीस वर्षे आधी आपल्या आयांनी ते कस्तुरचंद पार्कच्या गावात मांडून ठेवले होते. सरकारला १९९३ साली समुदायाच्या पुढाकाराची वाट पाहायची होती, तर हा कागद कुणीतरी दिल्लीला पाठवायला हवा होता. असो.

सीडॉची समिती भारताला हे निवेदन मागे घ्या म्हणून वारंवार सांगत आली आहे. ते मागे घेतलेले नाही. करारासोबत १९९९ साली जो ऐच्छिक प्रोटोकॉल आला, ज्याच्या आधारे एखादी बाई देशातले सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर थेट समितीकडे तक्रार करू शकते, त्याचाही भारत सभासद नाही. २००१ साली दरबान येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, हा विषय या व्यासपीठाचा नाही, अशी सरकारची भूमिका होती. दोन्ही भूमिका शेजारी ठेवून पाहा. स्त्री म्हणून दाद मागायला गेलो तर जात ही समुदायाची खाजगी बाब. जात म्हणून दाद मागायला गेलो तर तो देशाचा घरचा प्रश्न. दलित स्त्रीने जायचे कुठे?

आता राजस्थानात जाऊ, कारण करारातली ही वाक्ये आपल्या न्यायालयात प्रथम ठळकपणे वापरली गेली ती तिथल्या एका घटनेतून. जयपूरजवळच्या भटेरी गावची भंवरीदेवी जातीने कुंभार. अनुसूचित जातीची नव्हे, पण गावच्या उतरंडीत खालचीच. राज्य सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात ती ‘साथिन’ होती. म्हणजे बालविवाह थांबवणे हे तिचे सरकारी काम. १९९२ साली तिने गुज्जर घरातल्या एका तान्ह्या मुलीचे लग्न रोखण्याचा प्रयत्न केला. २२ सप्टेंबरला तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडले. वरच्या जातीची माणसे खालच्या जातीच्या बाईला अशा रीतीने शिवणार नाहीत, हा त्या निकालातला तर्क देशभर गाजला. अस्पृश्यतेचा उपयोग आरोपीचा बचाव म्हणून होऊ शकतो, हे मनूलाही सुचले नसेल.

या घटनेतून विशाखा खटला उभा राहिला. १९९७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीडॉचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. २०१३ साली त्यांचा कायदा झाला. आज कचेऱ्यांत, महाविद्यालयांत ज्या तक्रार समित्या आहेत त्या या निकालाच्या लेकी. मोठा निकाल आहे, आणि मीही वर्गात तो मोठा म्हणूनच सांगितला आहे. पण मूळ गद्य वाचताना मी पहिल्याच पानावर अडखळलो. त्यात भंवरीदेवीचे नाव नाही. राजस्थानातल्या एका खेड्यातील एका समाजसेविकेवर अत्याचार झाल्याचा आरोप आहे, तो वेगळ्या फौजदारी खटल्याचा विषय आहे, त्याचा अधिक उल्लेख करण्याची जरुरी नाही, अशा अर्थाचे एक वाक्य येते आणि ती बाई निकालपत्रातून निघून जाते. तिच्याबरोबर जात जाते, गाव जाते, लग्न जाते. तिने केलेले काम हे राज्याने नेमून दिलेले काम होते, आणि ते करताना राज्याने तिला एकटी सोडली होती. राज्याच्या जबाबदारीचा याहून नेमका खटला कुठला असणार? पण निकालाच्या शेवटी उरते ती ‘नोकरदार स्त्री’. तिला जात नसते. पुढे ज्या बाईच्या नावावर कचेऱ्यांना समित्या मिळाल्या तिचे अपील वर्षानुवर्षे धूळ खात पडले.

आपल्या स्त्रीमुक्तीवाल्या मैत्रिणींना हे कडू लागेल. पण मथुरा आदिवासी होती, भंवरी कुंभार होती, आणि दोघींच्या दुःखातून जो कायदा निघाला त्यात ‘स्त्री’ राहिली आणि बाकीचे सारे गळून पडले, ही गोष्ट योगायोगाची नाही.

आणि जिथे जात खटल्यात होती तिथे काय झाले? खैरलांजी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे. मायलेकींनी त्याआधी एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपींना ओळखले होते. म्हणजे नागरिकाने राज्याला जी मदत करायची असते ती त्यांनी केली होती, आणि त्या मदतीची किंमत त्यांनी मोजली. जामिनावर सुटलेले आरोपी गावात परत आले, जमाव जमला, खबर देऊनही पोलीस वेळेवर पोचले नाहीत. प्रेतांचे शवविच्छेदन दुसऱ्यांदा करावे लागले. २००८ साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली नागपूर खंडपीठाने ती फाशी पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. पण ॲट्रॉसिटीचा कायदा दोन्हीकडे लागू ठरला नाही, आणि मायलेकींच्या देहांवर जे झाले ते सिद्ध म्हणून निकालात उरले नाही. चौघांचे खून झाले एवढेच उरले, तेही जुन्या वैरातून. विशाखाच्या निकालात जात गळाली. इथे जात आणि स्त्री दोन्ही गळाली.

यामागे कायद्यातल्या एका शब्दाचा हात होता, म्हणून तो सांगतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ३(२)(५) मध्ये अपराध पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ झालेला असला पाहिजे, असे होते. मारेकऱ्याच्या मनातले कारण सिद्ध कोण करणार? २०१५ च्या दुरुस्तीने तिथे ‘हे ठाऊक असताना’ असे आले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली पाटण जमाल वली खटल्यात जात, लिंग आणि अपंगत्व एकाच बाईच्या देहावर एकत्र कसे कोसळतात याचे चांगले विवेचन केले. पीडित मुलगी अंध आणि अनुसूचित जातीची होती. पण घटना दुरुस्तीपूर्वीची, म्हणून त्या कायद्याखालची शिक्षा तिथेही टिकली नाही. विवेचन आपल्या बाजूने, निकालाचा तेवढा भाग विरुद्ध!

खैरलांजीच्या शेजारी मी तुर्कस्तानातला एक खटला ठेवून पाहिला. दियारबकिर शहरातल्या नाहिदे ओपुझ या बाईने युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली होती. नवरा वर्षानुवर्षे तिला आणि तिच्या आईला मारत होता. एकदा त्याने तिला सात वेळा भोसकले. शिक्षा झाली दंडाची, तीही हप्त्याहप्त्याने भरायच्या. २००२ साली त्याने तिच्या आईला गोळी घालून ठार केले. सरकारचे म्हणणे असे, की बायांनी तक्रारी मागे घेतल्या होत्या, आम्ही काय करणार? आपल्याकडे ‘आपसात मिटवले’ म्हणतात, ते हेच. न्यायालयाने २००९ साली सांगितले, की तक्रार मागे घेतली तरी राज्याचे काम संपत नाही. धोका ठाऊक होता आणि राज्य हातावर हात ठेवून बसले, म्हणून राज्य दोषी. त्या खटल्यात कुणी मारले हा प्रश्नच नव्हता. राज्याला काय ठाऊक होते आणि त्याने काय केले, एवढाच प्रश्न होता.

हा प्रश्न खैरलांजीत कोणत्या न्यायालयाने विचारला? फौजदारी खटल्यात राज्य फिर्यादीच्या बाजूला उभे असते. ते वकील देते, साक्षीदार आणते, पुरावा मांडते. ज्याच्या दिरंगाईने चार माणसे मेली तोच मेलेल्यांच्या वतीने बोलतो. काही पोलिसांवर खात्याअंतर्गत कारवाई झाली, पण ती कचेरीच्या चार भिंतींत. त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे, की आपल्याकडे तो पिंजराच बहुधा रिकामा असतो. सरकारी नोकरानेच अत्याचार केला तर नुकसानभरपाई मिळू शकते. कोठडीतल्या मृत्यूबद्दल १९९३ च्या निलबती बेहरा खटल्यात आणि हावड्यात रेल्वेच्या माणसांनी केलेल्या बलात्काराबद्दल २००० च्या चंद्रिमा दास खटल्यात ती मिळाली. पण गाव मारते आणि सरकार पाहत राहते, तेव्हा ‘पाहत राहणे’ या अपराधाला नाव नाही.

इथे मला बाबासाहेबांकडे वळावेसे वाटते, केवळ श्रद्धेपोटी नव्हे. मारणारा खाजगी असला तरी राज्याने उत्तर दिले पाहिजे, हा विचार १९८८ साली किंवा १९९२ साली जन्मला असे आपले वक्ते सांगतात. परंतु माणसाच्या स्वातंत्र्याला धोका एकट्या सरकारकडून नसतो, गावाकडून आणि मालकाकडून त्याहून मोठा असतो, हे ज्याने महाडच्या तळ्यावर पाहिले होते त्याला तो विचार बाहेरून आणावा लागला नाही. ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या १९४७ च्या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी तपशीलवार मांडली आहे. आपल्या संविधानातले कलम १५(२) दुकानदाराला आणि पाणवठ्याच्या मालकाला बांधते, कलम १७ अस्पृश्यता पाळणाऱ्या प्रत्येकाला बांधते, कलम २३ वेठ घेणाऱ्याला बांधते. ही कलमे सरकारला केवळ हात आवरायला सांगत नाहीत, हात घालायला सांगतात. समुदायाची संमती विचारा, असे त्यांत कुठेही लिहिलेले नाही. १९५१ च्या सप्टेंबरात हिंदू संहितेच्या प्रश्नावर बाबासाहेब मंत्रिमंडळातून बाहेर पडले, ते समुदायाच्या संमतीची वाट पाहणाऱ्यांना कंटाळूनच. म्हणून १९९३ चे निवेदन हे माझ्या मते सीडॉशी विसंगत असण्याआधी सतराव्या कलमाच्या वृत्तीशी विसंगत आहे. आपल्या वक्त्यांनी जिनिव्हाला जाण्यापूर्वी वाटेत महाडला उतरायला हरकत नव्हती.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मला टोचते आहे, ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘समुदायाची खाजगी बाब’ ही ढाल फक्त सवर्णांच्या हातात नाही. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातल्या सुनांचे जे हाल त्यात आहेत, नवऱ्याचा आणि सासरचा मार आहे, तो गावाने केलेला नाही. आपण त्या पुस्तकाचे स्वागत केले, पण चर्चा केली ती बहुतेक गावकुसाबाहेरच्या जिण्याची. घरातल्या जिण्यावरची पाने आपण भरभर उलटली. मीही उलटली. कित्येक वर्षे ते पुस्तक शिकवताना मी त्या प्रकरणांवर परीक्षेत प्रश्न काढला नाही. एकदा वस्तीतल्या एका कार्यकर्त्याच्या घरचे प्रकरण पोलिसांत जायला निघाले तेव्हा ‘समाजाची बदनामी होईल’ म्हणून ते परत आणणाऱ्यांत मी होतो. तिची संमती आम्ही विचारली नव्हती. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा अमलात आला तो २६ ऑक्टोबर २००६ रोजी, खैरलांजीनंतर महिन्याच्या आत. तेव्हा आम्ही सगळे मोर्चात होतो आणि मोर्चात असणे बरोबरच होते. पण त्या दुसऱ्या तारखेची दखल आमच्यापैकी एकानेही घेतली नाही.

राहता राहिला पिंजरा. अगदीच नाही असे नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ४ आहे. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या सरकारी नोकराने या कायद्याखालचे कर्तव्य जाणूनबुजून टाळले तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद. यथोचित दक्षतेचा हा देशी अवतार म्हणता येईल, आणि तो १९८९ चा आहे. २०१५ साली कर्तव्येही नावानिशी लिहिली गेली: फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्यापूर्वी ती वाचून दाखवणे, गुन्हा नोंदवणे, त्याची प्रत देणे, जबाब घेणे, साठ दिवसांत दोषारोपपत्र पाठवणे. पण त्याच दुरुस्तीने एक परंतुकही घातले. प्रशासकीय चौकशीने शिफारस केली तरच अशा नोकरावर आरोप ठेवायचा. पिंजरा बांधला आणि किल्ली पिंजऱ्यात जाणाऱ्याच्या साहेबाकडे दिली!

त्या व्याख्यानानंतर दोन महिन्यांनी शेजारच्या गावातली एक मजूर बाई आमच्या मंडळाकडे आली. शेतमालकाच्या मुलाने तिचा हात धरला होता, जातीवरून शिव्या दिल्या होत्या, हातातले खुरपे हिसकून मारले होते. आम्ही तिच्याबरोबर ठाण्यात गेलो. तीन तास बाकावर बसवल्यावर ठाणे अंमलदाराने अदखलपात्र नोंद केली, वाचून न दाखवता अंगठा घेतला आणि प्रत द्यायला नकार दिला. “गावातल्या गावात मिटतंय का बघा,” असे तिलाच सांगितले. तिचा गुन्हा पुढे वरिष्ठांकडे खेटे घालून नोंदवून घेतला, तो भाग वेगळा. कलम ४ खालचा अर्ज आम्ही स्वतंत्रपणे दिला आहे. कर्तव्ये एकेक करून लिहिली, प्रत्येकापुढे तारीख आणि वेळ टाकली, आणि तो तिला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचताना तिने एक दुरुस्ती सांगितली. ‘मिटवा’ असे अंमलदार एकदा नव्हे, तीनदा म्हणाला होता. ती घालून मग तिचा अंगठा घेतला.

अर्जाची पोहोच मिळाली आहे. चौकशी चालू असल्याचे एक पत्र आले आहे, दुसरे अजून यायचे आहे. अर्ज ज्या अक्षरात आहे ते अक्षर मागच्या रांगेत बसणाऱ्या त्या मुलीचे आहे. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि दर सोमवारी कॉलेज सुटल्यावर आवक-बारनिशीच्या खिडकीवर जाऊन पुढचे पत्र निघाले का ते विचारून येते.